डोंगराची पाठ

माझी थोरली जाऊ कोट शिवते, आणि कोट कुणाचाही असो, ती आधी पाठ बघते. रस्त्यानं समोरून येणाऱ्या माणसाशी तिला काही देणंघेणं नसतं. तो पुढे गेला की ही मान वळवते, त्याच्या खांद्यांमधल्या चुण्या न्याहाळते आणि "बाही ओढलीये" किंवा "हात बरा आहे" असा निकाल देऊन मोकळी होते. समोरून सगळेच नीटनेटके असतात, कारण आरशात माणसाला तेवढंच दिसतं. शिंप्याची खरी परीक्षा पाठीवर, असं तिचं म्हणणं. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा या घरात आले, तेव्हाही ती आधी माझ्या मागून एक फेरी मारून आली होती. मी तेव्हाच ओळखलं, की या बाईशी आपलं एक तर फार पटेल नाही तर अजिबात पटणार नाही. दोन्ही झालं, आलटून पालटून.

हे आधी सांगून ठेवते, कारण ते माहीत नसेल तर पुढचा सगळा प्रकार म्हणजे छप्पन्न वर्षांच्या बाईला लागलेलं खूळ वाटेल. खूळ ते होतंच. पण मापात बसवलेलं होतं.

आमचं घर दुमजली. खाली थोरलीचं दुकान, वर दोन्ही भावांची बिऱ्हाडं, मधे एक सामाईक जिना आणि त्यावरची सामाईक भांडणं. भावजी, म्हणजे थोरलीचा नवरा, नळदुरुस्तीची कामं करतात. माझा नवरा इस्पितळात ब्रदर आहे. मी लोकांना मोटार चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि इतकी वर्षं त्यावर पाय ठेवून बसल्यामुळे मला जिकडे तिकडे अपघातच दिसतात. जिन्यात दिसतात, स्वयंपाकघरात दिसतात, कुणाच्या लग्नाची बोलणी चालली असतील तर त्यातही दिसतात. घरात कुणी काही ठरवायला लागलं की आधी सगळे माझ्या पायाकडे बघतात.

दुकानात कापायचं लांब टेबल आहे, टेबलासमोर खिडकी, आणि खिडकीत डोंगर. काळा, सरळ उभा कातळ आणि त्याच्या माथ्याला पाइनच्या झाडांचा हिरवा गोट, कापडाच्या कडेला शिवतात तसा. थोरली लग्न होऊन आली त्या दिवसापासून हा तिच्या समोर उभा आहे. कात्री खाली ठेवून मान वर केली की तोच. गिऱ्हाईक उशीर करतंय, वीज गेलीये, लेकीला ताप आलाय, काहीही झालं तरी समोर हा आपला कपाळाला आठी घालून उभा. आणि एवढी वर्षं रोज समोरून बघितल्यावर तिच्यासारख्या बाईला जो प्रश्न पडायचा तोच पडला.

"याची पाठ कशी असेल गं?" तिनं मला एकदा विचारलं.

"डोंगराला कसली पाठ, वहिनी," मी म्हटलं आणि गाडी काढून कामाला गेले. मला वाटलं, विषय संपला.

आमच्या ओळखीचं कुणी पलीकडे गेलेलं नव्हतं. कारणच नव्हतं. बाजार, शाळा, इस्पितळ, सासरं-माहेरं, सगळं अलीकडे. पलीकडे नुसतं रान, आणि रानात कुठंतरी एक लहान गाव आहे एवढंच ऐकून माहीत.

मग थोरलीची लेक नोकरीला लांब गेली आणि जाताना आपली जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल जिन्याखाली ठेवून गेली. त्या सायकलच्या पेडलनं घरातल्या प्रत्येकाच्या नडगीला एकदा तरी प्रसाद दिला. भावजी म्हणाले, विकून टाकू. थोरली म्हणाली, लेकीची वस्तू आहे, हात लावायचा नाही. दोन दिवसांनी तिनंच हात लावला. आधी शिवलेले कपडे पोचवायला जाऊ लागली, मग गावाबाहेरच्या चढावर, मग एका रविवारी जी गेली ती दुपारी उगवली. गुडघा खरचटलेला, केसांत काड्या, आणि चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलीचा.

"पाइनच्या रानात जाऊन आले," ती म्हणाली. "अगं, खाली सुयांचा खच पडलाय. इतक्या सुया, आणि एकीलाही नेढं नाही."

भावजींनी गुडघ्याला लावायला औषध आणलं. माझ्या नवऱ्यानं पट्टी बांधली. मी ब्रेक तपासले. मागचा ब्रेक पार झिजला होता, आणि ही बाई त्या उतारावरून फक्त पुढच्या ब्रेकवर आली होती. मी तिला एवढी बोलले की शेवटी भावजी म्हणाले, "पुरे आता, जिवंत आहे ती."

पुढच्याच सकाळी नाश्त्याला तिनं जाहीर केलं, की डोंगराला पुरा वळसा घालायचा. मोठ्या रस्त्यानं नाही, रानातून. इकडून चढायचं, खिंडीतून पलीकडे उतरायचं, त्याची पाठ बघायची आणि दुसऱ्या अंगानं घरी यायचं. कुणी काही बोलायच्या आत तिनं पावाला लोणी लावता लावता माझ्याकडे सुरी रोखली.

"तू येणार आहेस."

"मी? मला उताराची भीती वाटते."

"म्हणूनच. धीट माणसाबरोबर गेले तर दोघी दरीत जाऊ. भिणारं एक माणूस बरोबर पाहिजे."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो अंड्याचं कवच इतकं मन लावून सोलत होता, की त्याच्याकडून मदत येणार नाही हे मला कळलं.

तिच्या तयारीला तयारी म्हणणं म्हणजे समुद्राला पाणी म्हणण्यासारखं. तिनं नकाशा आणला. त्यावरचा रस्ता मापपट्टीनं मोजता येईना, कारण तो नागमोडी. मग तिनं कोटाचा जाड दोरा ओला केला, नकाशातल्या प्रत्येक वळणावर बोटानं दाबत बसवला, वाळल्यावर उचलला आणि सरळ करून मोजला. चढाच्या रेषा दाट कुठं आणि विरळ कुठं ते बघायला भिंग घेतलं. "चुण्या जवळ आल्या की चढ," ती म्हणाली, आणि मला मान्य करावं लागलं की हे मी शिकवते त्यापेक्षा सोप्या भाषेत आहे. मग खाकी कागदाचा भला मोठा ताव टेबलावर पसरून तिनं तो रस्ता मोठा करून काढला. निळी टाचणी जिथं पाणी मिळेल तिथं. लाल टाचणी जिथं उतरून सायकल ढकलायची तिथं. पिवळ्या टाचण्याही होत्या, बऱ्याच होत्या.

"या कशाच्या?" मी विचारलं.

"तुझ्या कुरकुरीच्या. तिथं थांबून बिस्किटं खायची."

मी उलट्या बाजूनं जाऊ असं सुचवून पाहिलं. तिकडून गेलं तर खिंडीपलीकडचा अनोळखी उतार आपल्याला चढ म्हणून लागेल; चढावर माणूस दमतो, उतारावर पडतो. तिनं ऐकून घेतलं. "खिडकीतून दिसतो तिकडूनच सुरुवात," ती म्हणाली. "समोरून निघायचं आणि पाठीशी पोचायचं. कोटाभोवती मी तशीच फिरते." तिच्या युक्तिवादात ब्रेकला जागा नव्हती. मग रविवारचे सराव सुरू झाले. माझ्यासाठी एक सायकल भाड्यानं घेतली होती. इस्पितळामागच्या चढावर आम्ही दोघी घामाघूम होऊन वर खाली करायचो, आणि वरच्या खिडकीतून माझा नवरा आणि त्याचे पेशंट टाळ्या वाजवायचे. मी तिला उतारावर बूड मागे सरकवायला, दोन्ही ब्रेक बोटाबोटानं दाबायला शिकवलं. ती शिकत गेली. माझ्या गाडीत येणाऱ्या निम्म्या पोरांपेक्षा लवकर शिकली, हे मी तिला सांगितलं नाही.

सायकलींना लावायच्या पिशव्या तिनं घरीच शिवल्या, शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाच्या. आतून अस्तर, कडेला दुहेरी शिलाई, आणि सवयीनं खिशावर शाळेचं चिन्ह लावायला निघाली होती ती मी थांबवली. तरीही दोन्ही सायकली शाळेत निघाल्यासारख्याच दिसत होत्या.

आता तिच्या चुकीकडे येते. शिंपी पाठ कापताना पुरी आखत नाही. कापड मधोमध दुमडायचं, अर्धा नमुना घडीला लावून ठेवायचा आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. उलगडलं की पुरी पाठ तयार, डावी-उजवी तंतोतंत सारखी. तीस वर्षांत थोरलीनं अर्ध्याच्या पुढे कधी काही आखलंच नव्हतं. आणि तिचा नकाशा नेमका खिंडीपाशी संपत होता. पुढचा भाग दुसऱ्या तावावर, आणि तो नकाशाच्या दुकानात शिल्लक नव्हता. तेव्हा तिनं हाताला सवय होती तेच केलं. खाकी कागद खिंडीवर दुमडला, अर्ध्या रस्त्यावरून खालच्या पदरावर खुणा उमटवायचं दातेरी चाक फिरवलं आणि कागद उलगडला. वळसा पुरा झाला. पहिल्या दिवशी खिंड, तिथं वनखात्याच्या झोपडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी तेवढंच अंतर उतरून घरी.

"पलीकडे असंच असेल कशावरून?" मी विचारलं.

"डोंगर काय एका अंगानं लंगडा असतो?"

शंका मला रोज दहा येतात, त्यामुळे माझ्या शंकेला घरात भाव नाही. शिवाय दोन दिवस हा हिशोब तिच्या कामातही चपखल बसत होता. एका शाळेचे कोट पोचवायचे आणि दुसऱ्या शाळेचं कापड यायचं, त्यांच्या मधे दुकानाला बरोबर दोन दिवसांची उसंत होती. तारीख ठरली.

निघायला आठवडा होता तेव्हा एक ट्रकवाला कोटाच्या मापाला आला. डोंगरातून लाकूड वाहायचा, लेकीच्या लग्नासाठी आयुष्यातला पहिला कोट शिवत होता. थोरलीनं त्याला स्टुलावर उभं केलं, अर्धा शिवलेला कोट अंगावर चढवला आणि तोंडात टाचण्या धरून त्याच्या पाठीला लागली. मी टेबलाशी बसून चहा पीत होते. त्या बिचाऱ्याला हलायची मुभा नव्हती, म्हणून तो समोरच्या खाकी कागदाकडे बघत राहिला.

"हा आमचाच डोंगर ना?" तो म्हणाला. "ही इकडची बाजू बरोबर आहे. पण पलीकडे असं नाहीये, ताई."

"हं?" टाचण्यांमधून आवाज आला.

"खिंड उतरलं की नदी लागते. पार खाली, पुलापर्यंत जायचं आणि परत तेवढंच वर चढायचं. मग गाव. तिथं एक बाई खोली देते उतरायला, आम्ही पण थांबतो कधी कधी. गावापासून पुढे मग तुमच्या घरापर्यंत निवांत रस्ता. पण खिंडीतून एका दिवसात ते सगळं? ट्रकनं होतं. सायकलनं..." त्यानं खांदे उडवले.

"हलू नका."

"आणि जायचं तर आत्ताच जा. लाकूडतोड यंदा मागच्या अंगाला आहे. हा महिना संपला की नवी रोपं लावणार आणि वाट बंद. मग दोन-तीन वर्षं तरी कुणाला सोडत नाहीत."

थोरलीनं उरलेल्या टाचण्या लावल्या. एकही वाकडी लागली नाही. त्याला पुन्हा कधी यायचं ते सांगितलं, दारापर्यंत पोचवलं, परत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"पुढचा भाग आणि पाठ एका नमुन्यावर कापत नाही कुणी," ती म्हणाली. "शिकायला आलेली पोरगीही कापत नाही. आणि मी कापली."

मग तिनं एकेक टाचणी काढून डबीत टाकली, कागदाची गुंडाळी केली आणि फळीवर सगळ्यात वर ठेवून दिली. तीन दिवस दुकान बंद ठेवणं शक्य नव्हतं. शाळेचा शब्द होता, आणि शब्द दिला की दिला, हे तिचं दुसरं वेड. "राहिलं," एवढंच म्हणून ती मशीनवर बसली.

मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उतार नाही, दरी नाही, पिवळ्या टाचण्या नाहीत. मी चहाचा कप घेऊन वर गेले आणि जिन्यातच माझ्या लक्षात आलं की मला भयंकर राग आलाय. महिनाभर माझ्या मांड्या दुखल्या होत्या त्या काय इस्पितळाच्या पेशंटांची करमणूक म्हणून? आणि मी चोरून त्या डोंगराकडे बघायला लागले होते. शिकणारा पोरगा गाडी मागे घेताना मी मागे बघायचं सोडून माथ्यावरच्या पाइनकडे बघायची, आणि एकदा त्यापायी आम्ही एका कुंपणाला मागून धडकून आलो होतो. दोन-तीन वर्षांनी ती साठीला टेकणार. तेव्हा गुडघे काय म्हणतील कुणी सांगावं? या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठी नीट करून दिल्या. तिला एक पाठ बघायची होती, फक्त एक, आणि तीही शाळेच्या बटणांपायी राहणार होती.

बटणांपायी, कारण कोट शिवून झाले होते. राहिली होती ती बटणं आणि आतली हातशिलाई. ते काम एक दिवस आधी संपलं तर तिसरा दिवस निघत होता. मी दोन्ही भावांना चहाच्या टेबलावर गाठलं.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही," भावजी म्हणाले.

"नळाला दोरा गुंडाळता येतो ना?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. गळायला नको, एवढंच."

माझा नवरा लगेच तयार झाला, कारण मी भावजींशी बोलत असताना माझी नजर त्याच्यावर होती. आम्ही तिघं खाली उतरलो. थोरली मशीन थांबवून बघत राहिली. मी कोटांचा एक ढीग उचलला, भावजींनी खिशातून चष्मा काढला. तिला सगळं कळलं असावं, कारण तिनं उठून सुयांची डबी भावजींपुढे ठेवली आणि सगळ्यात मोठ्या नेढ्याची सुई त्यांना स्वतः निवडून दिली.

तो आठवडा आमच्या घरातला सगळ्यात मजेचा आठवडा असेल. कामावरून आलं की हातपाय धुवायचे आणि खाली जाऊन बसायचं. भावजींची पहिली बटणं थोरलीनं उसवायला लावली. ती इतकी घट्ट होती की काजात जाईनात. "पाण्याचा थेंब जाणार नाही यातून," ते म्हणाले. "पाणी नाही, मुलं जायचीत त्यात," ती म्हणाली. माझा नवरा प्रत्येक बटणाला जखमेवरच्या पट्टीसारखी गाठ मारायचा आणि कोट खाली ठेवताना "पेशंट वाचेल" असं म्हणायचा. मी बोटांना इतक्यांदा सुई टोचून घेतली, की उतारावर यापेक्षा जास्त काय होणार, असं मला पहिल्यांदाच वाटलं. लेकीचा फोन आला तर भावजींनी तिला दोन्ही हात गुंतलेत, नंतर बोल, असं सांगितलं, आणि ते ऐकून ती आई आजारी आहे की काय म्हणून घाबरली.

कोट वेळेच्या आधी तयार झाले. दरम्यान ट्रकवाल्याला थोरलीनं पुन्हा मापाला बोलावलं होतं. त्याच्या कोटात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण तिनं त्याला तासभर स्टुलावर उभं ठेवलं आणि पलीकडचा रस्ता वळणावळणानं काढून घेतला. नदीवरचा पूल कसला आहे, चढावर माती आहे की खडी, सुया ओल्या असल्या की चाक कुठं घसरतं, गावातल्या बाईला आगाऊ कळवायचं कसं. तो सगळं सांगत गेला. जाताना म्हणाला, "कोटाला एवढी मापं लागतात हे माहीत नव्हतं." या वेळी खाकी कागद एक नाही, दोन ताव जोडून झाला, आणि कुठंही दुमडला नाही.

निघताना भावजींनी थोरलीच्या पिशवीत नळाचा मोठा पाना कोंबला. सायकलला त्याचा काही उपयोग नाही, आणि वजनाला तो वीट आहे. ती तो घेऊन निघाली. कोपऱ्यावर वळल्यावर थांबली, पाना काढला आणि पेपरवाल्याकडे ठेवायला दिला. "रिकाम्या हातानं पाठवायला त्यांना जमत नाही," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसती हसत सायकल चालवत होती.

पहिला दिवस तिनं आखला तसा गेला, टाचणीला टाचणी. रानात शिरलो आणि रस्त्याचा आवाज बंद झाला. पाइनच्या खाली ऊन चाळून येतं, आणि वास असा येतो की नुकतंच कुणीतरी लाकूड तासलंय. मी कुरकुर केली, पण ठरलेल्या जागीच केली. दुसरा दिवस मात्र ट्रकवाल्यानं सांगितला त्याहून वाईट निघाला. पुलापर्यंतच्या उतारावर माझी बोटं ब्रेकवर आखडून गेली. मग चढ. आम्ही चढलो थोडं आणि ढकलत गेलो जास्त. एका वळणावर मी सायकल आडवी टाकून सुयांच्या गादीवर बसले आणि सांगितलं, की मी आता इथंच राहणार, नवऱ्याला कळवा. थोरली शेजारी बसली. तिनं बिस्किटांचा पुडा उघडला. तिचाही गुडघा सुजला होता हे मला तेव्हा दिसलं.

"दुसऱ्या कुणाला आणलं असतं तर आत्ता मला धीर देत बसलं असतं," ती म्हणाली. "ते मला नको होतं."

त्या वेळी मला तिच्याबद्दल जे वाटलं ते प्रेमच होतं, दुसरा शब्द कशाला शोधायचा. मी बिस्कीट खाल्लं आणि उठले.

गावात पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं, की समोरचं कुंपण दिसेना. डोंगर तर नाहीच. खोली देणारी बाई आमच्याच वयाची, हाडापेरानं मोठी, बोलायला मोकळी. तिनं गरम पाणी दिलं, सूप दिलं, दोन गाद्या दिल्या. थोरली झोपायच्या आधी खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर नुसतं पांढरं. उद्याही असंच असलं तर?

सकाळी मी उठले तर तिची गादी रिकामी. बाहेर आले. ती अंगणात अनवाणी उभी होती, शाल खांद्यावरून घसरलेली, आणि समोर डोंगर होता.

कातळ कुठंच नव्हता. आमचा तो काळा, आठी घातलेला डोंगर इकडून रुंद, उतरता, माथ्यापासून पार खालपर्यंत पाइननं झाकलेला होता. कुठं एक सपाट कुरण, कुठं चार गाई. लहान मूल पाठीवर बसवावं असा होता तो. थोरलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"कुठं ओढलेला नाही," ती म्हणाली. "एक चुणी नाही गं कुठं."

घरमालकीण चहाचे कप घेऊन आली. तिनं आमच्याकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं, आणि जरा संकोचून विचारलं, "तुम्ही तिकडच्या ना? कसा दिसतो हो हा मागून? मी इथंच जन्मले, पण मागची बाजू बघायची राहूनच गेली."

"मागून?" थोरली म्हणाली.

मला वाटलं, आता ही भांडणार. आयुष्यभर जी बाजू समोर ठेवून जगली तिला कुणी मागची म्हणतंय. ती त्या बाईकडे बघत राहिली, आणि मग जी हसायला लागली ती कपातला चहा शालीवर सांडला तरी थांबेना. घरमालकीण गोंधळून माझ्याकडे बघत होती. मलाही हसू आवरत नव्हतं.

हसू ओसरल्यावर थोरलीनं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. काळा आहे, म्हणाली. सरळ उभा आहे. सकाळी उन्हात तांबूस होतो, पावसात चकाकतो, माथ्याला नुसता पाइनचा गोट. लोकांना वाटतं रागीट आहे, पण तसा नाही; सोबत असते त्याची. एवढं कौतुक मी तिच्या तोंडून कधी कुठल्या कोटाचंही ऐकलं नव्हतं. घरमालकीण कपाला हात लावायचं विसरून ऐकत होती.

"बघायला हवा एकदा," ती म्हणाली.

"मग चला. आमचा आज परतीचाच रस्ता आहे. उतरायला घर आहे आमचं, आणि परत यायला लाकडाचे ट्रक आहेत."

"आता? या वयात?"

"वय काय तुमचं?"

"बावन्न."

"म्हणजे लहानच आहात," थोरली म्हणाली आणि तिला सायकल कुठं आहे ते विचारलं.

सायकल होती, तिच्या मुलाची, मागच्या छपरीत. तिच्या बसायच्या जागेवर एक कोंबडी बसली होती. थोरलीनं कोंबडीला उठवलं, चेन पुसली, सीट उंच केली. मी ब्रेक उघडून साफ केले आणि तार ताणून घेतली, आणि उतारावर बूड मागे कसं घ्यायचं ते अंगणातच चार फेऱ्या मारून शिकवलं. घरमालकिणीनं शेजारणीला कोंबड्यांचं सांगितलं, पाव बांधून घेतले, चप्पल बदलून बूट घातले आणि तीन वेळा आत जाऊन काहीतरी विसरलेलं घेऊन आली. आमच्या दुकानात कापड दुसऱ्या दिवशी यायचं होतं, तरी थोरलीनं तिला एकदाही घाई केली नाही.

शेवटी तिनं दाराला कुलूप लावलं, डोंगराकडे वळली आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "येते हं बघून."